मुरबाडची वाट, एक डबी आणि गोदीमावशीची अंडी

सांगलीहून शहापूर-मुरबाडला हौसेनं कोणी जात नाही. नाशिकला निघालेले लोक शहापूरला वडापाव खातात आणि पुढे सटकतात. माळशेजचे धबधबे बघायला निघालेले मुरबाडला पाय मोकळे करण्यापुरते थांबतात. या दोन गावांना किन्हवली-सरळगाववरून जोडणारा रस्ता नकाशात शोधायला तर मला, म्हणजे भूगोलाच्या मास्तरालाही, चष्मा पुसावा लागला होता. तोच रस्ता गेल्या हिवाळ्यात मी दोन दिवसांत तीन वेळा जाऊन-येऊन केला. त्याला कारण माझे साडू.

किन्हवलीच्या पुढे आमची सासुरवाडी आहे. आमची म्हणजे माझी आणि शरदरावांची. थोरली सुमन माझी बायको, धाकटी कुंदा त्यांची. शरदराव बदलापूरला राहतात आणि एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहेत. केसभर जाड निघालेले नट-बोल्ट परत पाठवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. स्वतःच्या लग्नात अंतरपाट तिरका धरला होता म्हणून यांनी भटजींना थांबवून तो सरळ करून घेतला होता. असा माणूस फसतो तेव्हा फसतोही मोजूनमापूनच.

कुंदाचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "भावोजी, हे सोमवारी राजीनामा देतायत. टाईप करून बॅगेत ठेवलाय. मुलगा यंदा बारावीला, आणि यांना म्हणे एजन्सी घ्यायचीय. त्या डबीची."

डबी मला माहीत होती. काडेपेटीहून थोडी मोठी, वर एक बटण आणि दोन दिवे. गाडीच्या स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं, गॅरेजवाले आपलं तपासणीचं यंत्र जिथं जोडतात ते. त्यात ही डबी खोचायची. मग ती म्हणे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवते, इंजिनाला कधी किती पेट्रोल पाजायचं. हिरवा दिवा लागला की बचत, लाल लागला की ताकद. शरदराव शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचे एजंट होणार होते.

"शुक्रवारी ते आईकडे जाणारेत, डबीचे अनुभव लिहून घ्यायला. तुम्ही मोठे, तुमचं ते ऐकतील," कुंदा म्हणाली आणि नाक पुसून पुढे म्हणाली, "शिवाय तुम्हीच तर त्यांना सांगितलंत, गाडी हलकी चालते म्हणून!"

हे मात्र खरं होतं. दिवाळीत शरदरावांनी मला एक डबी भेट दिली होती. ती मी टेबलाच्या खणात, बॅटरीच्या जुन्या सेलांशेजारी ठेवली आणि विसरलो. आठवड्याने त्यांचा फोन आला, "अण्णा, किती फरक पडला?" साडू इतक्या प्रेमानं विचारतोय तर काय सांगायचं? मी म्हटलं, गाडी हलकी वाटते. त्या एका वाक्यापायी मला आता रजा टाकून सांगलीहून निघावं लागलं. सुमन म्हणाली, "आपल्या कर्माची फळं आपणच खायची, मी नाही येत."

शुक्रवार, शहापूर ते सासुरवाडी

शरदराव मला घ्यायला शहापूरला गाडी घेऊन आले होते. मी बसतो न बसतो तोच त्यांनी स्टिअरिंगखाली बोट दाखवलं. हिरवा दिवा लुकलुकत होता. "आधी पंधरा द्यायची, आता साडेसतरा देते. मोजलंय मी."

त्यांनी मोजलं असणार यात मला शंका नव्हती. पण मी त्यांच्या पायाकडे पाहत बसलो. हा माणूस पूर्वी गाडी चालवायचा तेव्हा मागच्या सीटवर कुंदा रामरक्षा म्हणायची. आता त्याच माणसाचा पाय पेडलवर असा टेकला होता, जणू खाली मांजराचं पिल्लू आहे. पुढे खड्डा दिसला की दूरवरूनच पाय उचलायचे, ट्रक मागे टाकायचा मोह आला की हिरव्या दिव्याकडे बघून गिळायचे. डबी लावल्यापासून गाडी सुधारली नव्हती, शरदराव सुधारले होते. हे मी त्यांना बोललो नाही. पहिल्याच तासात भांडण कशाला?

शहापूर मागे पडलं की मावळतीला माहुलीचे सुळके दिसतात. भात कापून झालेला, खाचरांत वालाची हिरवी रोपं, शेताच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या. मध्येच एखाद्या माळावर मुंबईकरांसाठी फार्महाऊसच्या प्लॉटची पाटी. पाटीवर तळं, बदकं, सोनेरी केसांची मुलं, आणि पाटीखाली एक म्हैस निवांत बसलेली.

या मुलखात जावयाचा मान किती, हे सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. आमच्याकडे सांगलीतही जावयाला पुरणपोळी मिळते, पण दुसरी पोळी वाढता वाढता एखादा मेहुणा त्याची फिरकी घेतोच. इथं तसं नाही. इथं जावयाला कोणी 'नाय' म्हणत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी भूगोलाच्या तोऱ्यात एका भलत्याच डोंगराकडे बोट दाखवून म्हटलं होतं, हा माहुली. ओटीवरचे सगळे म्हणाले, होय, माहुलीच तो. मी गावात होतो ते दोन दिवस अख्खं गाव त्या बिचाऱ्या टेकाडाला माहुली म्हणत होतं. चूक मला सांगलीला परतल्यावर नकाशात कळली.

सासुरवाडीला पोचलो तर वडे आणि कोंबडीचा वास रस्त्यापर्यंत आलेला. सासूबाईंनी पायांवर पाणी घातलं, दुधापाण्यानं डोळे पुसायला लावले आणि विचारलं, "परवास बरा झाला ना?" मग ओटीवर भावकीतले दोघं येऊन बसले. एक पांडू, तो किन्हवली-शहापूर जीप मारतो. दुसरा काशिनाथ, त्याचा भाजीचा टेम्पो आहे. दोघांनाही शरदरावांनी तीन महिन्यांपूर्वी एकेक डबी फुकट दिली होती, अनुभव कळवा म्हणून.

शरदरावांनी डायरी उघडली. "पांडू, बोल. किती वाढलं मायलेज?"

"दीड तरी वाढलाय, धाकले भावजी," पांडू म्हणाला. "कवा कवा दोन."

"काशिनाथ, तुझं?"

"माजा एक वाढला. पन पिकप जाम! चढाला टेम्पो असा उठतो, धरून ठेवाय लागतो."

शरदरावांनी दोन्ही आकडे खाली रेघ मारून लिहिले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू न्यायाधीशासमोर साक्षीदार उभे केलेत. त्यांचा सगळा भरवसा या दोघांवर होता. कंपनीच्या जाहिरातीवर माझा विश्वास नाही, ते म्हणत, पण रोज दीडशे किलोमीटर गाडी मारणारा माणूस खोटं कशाला बोलेल?

जेवणापूर्वी मी पांडूला उडवीमागे गाठलं. "पांडू, खरं सांग. त्या डबीनं काडीचा फरक पडलेला नाही ना?"

"काडीचा नाय, मोठे भावजी," पांडू लगेच म्हणाला. "तुमी बोलता तेच खरा."

मला वाटलं, जिंकलो. त्याच आनंदात काशिनाथला विहिरीवर गाठलं. "उलट मायलेज कमीच झालं असेल?"

"कमीच झाला! तुमाला कसा कळला?"

आता मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, "आणि टेम्पोला डिझेलचा वास यायचाही बंद झाला म्हणे."

"त्यो तर कवाच बंद झाला," काशिनाथ म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मीही जावईच होतो, आणि थोरला. मी दगडाला पाझर फुटला म्हटलं असतं तर हे दोघं तांब्या घेऊन आले असते. तरी खोडी काढल्याशिवाय राहवेना. पंगतीत दोघं समोर बसलेले बघून मी मोठ्यानं विचारलं, "काय रे पांडू, डबीनं मायलेज वाढतं की नाही?"

शरदराव वडा हातात धरून थांबले. पांडूनं त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रश्श्याकडे पाहिलं. कपाळाला घाम आला त्याच्या. शेवटी म्हणाला, "मोठे भावजी बोलतात तो बी खरा हाय, धाकले भावजी बोलतात तो बी खरा हाय. रस्ता खराब हाय."

शनिवार, मुरबाड दोनदा

विचारून काही कळणार नाही हे पक्कं झालं, म्हणून मी मोजायचं काढलं. शरदराव लगेच तयार झाले. ठरलं असं: वाटेवरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, मुरबाडला जाऊन त्याच वाटेनं परत यायचं, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. जेवढं पेट्रोल बसलं तेवढं खाल्लं. सकाळची फेरी डबी लावून, दुपारची डबी काढून. शरदराव म्हणाले, "आकडे माझ्याविरुद्ध गेले तर राजीनामा फाडतो. बाजूनं गेले तर अण्णा, सोमवारी तुम्ही कुंदाला समजवायचं." मी हो म्हटलं. भूगोलाच्या मास्तरानं भौतिकशास्त्रात हात घालू नये, हे मला तेव्हा सुचलं नाही.

सकाळी अंगणात येऊन बघतो तर गाडीत पुढच्या सीटवर कोणीतरी आधीच बसलेलं. ती गोदीमावशी. सासूबाईंच्या शेजारची, सत्तरीची, काष्टा घातलेली, मांडीवर टोपली. टोपलीत भाताच्या तुसात गाडलेली गावठी अंडी. मुरबाडच्या एका खानावळीला ती अंडी पोचवते.

"मुरबाडला चाललाव ना? मंग मी बसलंय," ती म्हणाली.

जावयाची गाडी रिकामी कशी जाईल? मी मागच्या सीटवर गेलो. निघाल्याबरोबर मावशीनं एसी बंद करायला लावला, त्या गार वाऱ्यानं तिला उलटी होते म्हणून. काचा उघडल्या. पहिला मोकळा रस्ता मिळाला तसं शरदरावांना मला गाडीची ताकद दाखवायची हुक्की आली. त्यांनी लाल दिव्याचं बटण दाबलं आणि पाय दिला. गाडी उसळली. मावशीनं टोपली पोटाशी धरली.

"हळू रे! जावय असशील तुज्या सासूचा. अंडी माजी हायत!"

त्या गावात जावयाला वरच्या आवाजात बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. शरदरावांनी मुकाट्यानं बटण पुन्हा हिरव्यावर आणलं. पुढचा सगळा रस्ता मावशी नेव्हिगेशन करत होती: "खड्डा हाय… म्हैस हाय… आता जरा जा… बस, बस." वीटभट्ट्यांचा धूर सकाळच्या धुक्यात मिसळला होता, पुलाखाली बायका कपडे आपटत होत्या, पूर्वेला सह्याद्रीची भिंत हळूहळू जवळ येत होती. ताशी चाळीसनं जाताना हे सगळं नीट दिसतं. पळसांना अजून फूल नव्हतं, पण कळ्यांचे काळे गुच्छ दिसत होते, तेही मावशीनंच दाखवले.

मुरबाडला खानावळीच्या मालकानं अंडी उतरवून घेतली आणि त्यातल्याच चार अंड्यांचं आम्लेट आमच्यासमोर ठेवलं. कांदा, हिरवी मिरची आणि वर सुकटीची चिमूट. आमच्या सांगलीत अंड्यात सुकट घातली तर लोक पोलिसांत जातील, पण मी दुसरं आम्लेट मागितलं.

मावशी बाजारात गेली तोवर आम्ही शेजारच्या गॅरेजात शिरलो. मिस्त्री पन्नाशीचा, ऑइलनं काळा झालेला. त्याला आम्ही कोण, कुणाचे, काही ठाऊक नव्हतं. त्यानं डबी हातात घेतली, शरदरावांच्या परवानगीनं दोन स्क्रू काढले आणि आत बघितलं.

"दिवे हायत," तो म्हणाला. "चांगले हायत दिवे. दुसरा काय नाय."

"ते कॉम्प्युटरशी बोलतं," शरदराव म्हणाले.

"बोलायला तार लागते ना साहेब. ही बघा पिना, कुठंच जोडल्याल्या नायत. फक्त बॅटरीचा करंट येतो, दिवे लागतात." मग त्याला शरदरावांची दया आली असावी, कारण तो टायरवर बसून समजावू लागला. खरोखर ट्यून करणारे लोक असतात, तो म्हणाला, लॅपटॉप लावून इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रामच बदलतात. त्यानं ताकद वाढते, खोटं नाही. "पन मंग मानूस गप बसतो का? ताकद हाय म्हणून पाय दाबतो, गाडी दुप्पट पिते, क्लच जातो. आनि ते पेडलवाले खोके येतात ना, त्यात तर ताकद बी नाय वाढत. अर्धा दाबला तर पुरा दाबला असा गाडीला सांगतात. बैल तोच, टोचायची पराणी तेवढी मोठी."

"मग मायलेजला काय करायचं?" मी विचारलं.

"टायरात हवा, फिल्टर साफ, पाय हलका. यात धंदा नाय, म्हणून कोन सांगत नाय."

मी खूश झालो. मुरबाडात आम्ही कुणाचेच जावई नव्हतो, त्यामुळे खरं ऐकायला मिळालं. पण शरदरावांनी डबी शांतपणे बंद करून पुन्हा खोचली. "अण्णा, गाड्या चांगल्या चालायला लागल्या तर याचं गॅरेज कसं चालेल? याचं मत एक. माझ्याकडे रोज गाडी मारणारे दोघं आहेत." पांडू आणि काशिनाथ त्या दिवशी मला वैऱ्यासारखे वाटले.

परतताना मावशीच्या मांडीवर नवा कोरा माठ होता. त्यामुळे वेग तोच. पंपावर टाकी भरली, शरदरावांनी भागाकार केला: लिटरला एकोणीस.

दुपारी डबी काढून आम्ही दोघंच निघालो. ऊन चढलं होतं, एसी लावला. पुढे मावशी नव्हती, हिरवा दिवाही नव्हता. सासूबाईंनी चार वाजता गरम घावन करते म्हटलं होतं, त्यामुळे शरदरावांचा जुना पाय जागा झाला. वळणावर मी दोनदा दाराचं कडं धरलं. पंपावरचा आकडा: सोळाला थोडा कमी.

शरदरावांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "अण्णा, तुमच्यामुळं सिद्ध झालं."

मी मोठ्या तोंडानं परीक्षा घ्यायला गेलो आणि स्वतःच नापास होऊन आलो होतो. मेहुणीचं घर, पोराची बारावी, सगळं माझ्या भागाकारानं बुडणार असं वाटून त्या संध्याकाळी मला घावन गिळवेना. शरदराव ओटीवर बसून राजीनाम्यातल्या स्वल्पविरामांवर पेन फिरवत होते. मी धीर करून म्हटलं, "शरदराव, दोन रीडिंगवर निष्कर्ष काढत नाहीत. सकाळी मावशी होती, एसी नव्हता. दुपारी सगळं उलटं. उद्या तिसरी फेरी: डबी नाही, मावशी आहे."

क्वालिटीच्या माणसाला 'रीडिंग' म्हटलं की नकार देता येत नाही. ते म्हणाले, "योग्य आहे."

मावशीला विचारायला गेलो, तर तिनं आधी अटी घातल्या. गार वारा नको, आणि खानावळीत तिलाही आम्लेट पाहिजे.

रविवार, मुरबाड आणि परत

सकाळ छान होती. मावशी पुढे, टोपली मांडीवर, मी मागे. सॉकेट रिकामं. किन्हवली-सरळगावचा रस्ता मला आता इतका पाठ झाला होता की कुठल्या झाडाखाली कुठलं कुत्रं झोपतं हेही ठाऊक होतं. शरदराव मन लावून चालवत होते, प्रामाणिकपणे, काल सकाळी जसं चालवलं तसंच. स्वतःच्या विरुद्धचा आकडासुद्धा ते खरा काढणार होते. त्यांचं हे बघून मला त्यांच्याबद्दल माया दाटून आली.

नदी ओलांडल्यावर मावशीनं डॅशबोर्डखाली वाकून बघितलं. "ती लुकलुकनारी डबी कुठं गेली?"

"काढली, मावशी. प्रयोग चाललाय."

"बरा केलास. पांड्याची आयस तर अजून देवात ठेवून हाय. पिशवी बी नाय फोडली. रोज हळदकुंकू लावते, धाकल्या जावयानं दिली म्हणून."

शरदरावांनी ब्रेक मारला.

गाडी जागच्या जागी थांबली. मी पुढच्या सीटवर आपटलो. मावशीच्या टोपलीतून तूस उडालं, आणि त्यामागोमाग चार अंडी. दोन डॅशबोर्डवर फुटली, एक गिअरवर, एक शरदरावांच्या इस्त्रीच्या पँटीवर.

"मेल्या!" मावशी ओरडली. "म्हैस नाय, खड्डा नाय, कशाला दाबलास?"

गिअरवरचं पिवळं शरदरावांनी रुमालानं पुसलं, टोपली नीट केली, गाडी सुरू केली. दोनेक किलोमीटर गेल्यावर आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, "पांडूनं दीड सांगितलं होतं. कधी कधी दोन."

"हो."

"अण्णा, तुमची डबी कुठं आहे?"

खोटं बोलायला जागा होती. पण अंड्याचा वास येत होता आणि माझी मलाच लाज वाटत होती. "टेबलाच्या खणात. मी ती लावलीच नाही, शरदराव."

"तुम्ही म्हणालात गाडी हलकी वाटते."

"त्या दिवशी डिकीतले गुळाचे जड रवे उतरवले होते."

मावशी फिस्कन हसली. शरदराव नाही. खानावळीत मावशीनं मागितलेलं आम्लेट खाल्लं, आमच्या ताटातली तशीच राहिली. परतीच्या वाटेवर शरदराव अंत्ययात्रेच्या चालीनं चालवत होते. पंपावर टाकी भरली, भागाकार केला. एकोणीसला किंचित कमी, अन् तेही डबीशिवाय. त्यांनी डायरीत आकडा लिहिला, त्याच्यापुढे 'गोदीमावशी' असं लिहिलं आणि डायरी मिटली.

"माज्या चार अंड्यांचा काय?" मावशीनं विचारलं. शरदरावांनी तिला हात जोडले, तेव्हा ती गप्प बसली.

घरी न जाता त्यांनी गाडी सरळ पांडूच्या दारात नेली. पांडू जीप धूत होता. "भावजी, या ना, या," म्हणत त्यानं घाईनं हात पुसले. त्याच्या आईनं डोईवर पदर घेतला आणि चटई टाकली. शरदराव चटईवर बसले नाहीत. आत कोनाड्यात देव होते, देवांच्या शेजारी डबी होती, कंपनीच्या पिशवीत, सील न तोडलेली, वर हळदीकुंकवाचे थर. खाली एक झेंडूचं फूलही होतं.

"तुमी दिलीत ना," पांडूची आई कौतुकानं म्हणाली. "वापरून खराब कशाला करायची?"

पांडू दारात उभा होता. त्याची मान इतकी खाली गेली होती की मला त्याचा फक्त भांग दिसत होता. "धाकले भावजी," तो हळूच म्हणाला, "तुमी इचारलात किती वाढला. मी आकडा सांगितला. वाढला का, असा कोनी इचारलाच नाय."

शरदराव त्या फुलाकडे बघत राहिले. पंचवीस वर्षं ज्यानं कुठल्याही कामगाराचं तोंडी बोलणं ग्राह्य धरलं नाही, तो माणूस सासुरवाडीच्या ओटीवर बसून जबान्या लिहून घेत होता. हे मी बोलायची गरज नव्हती, त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. मला वाटलं आता चिडतील. त्यांनी बॅगेतून राजीनाम्याचा कागद काढला आणि पांडूसमोर धरला.

"पांडू, हे माझं नोकरी सोडायचं पत्र आहे. उद्या दिलं की नोकरी संपली. मग मी या डब्या विकणार, शहापूर ते मुरबाड. आता आकडा नको. देऊ की नको देऊ, एवढंच सांग."

पांडूनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम छपराची कौलं मोजायला लागलो. शेजारची दोन माणसं दारात येऊन थांबली होती, गोदीमावशी टोपली कडेवर घेऊन उभी होती.

"नाय," तो म्हणाला.

आवाज फुटला नव्हता नीट. शरदराव म्हणाले, "काय?"

"नाय, भावजी. नका देऊ. ती डबी कायच नाय करत. काश्याची तर मागच्या महिन्यातच त्याच्या पोरीनं भातुकलीत घेतली." एवढं बोलून त्याला स्वतःचीच भीती वाटली असावी, कारण तो पटकन जीपमागे गेला.

पांडूची आई कपाळाला हात लावून मटकन खाली बसली. तिच्या घरात, देवांसमोर, जावयाला 'नाय' म्हटलं गेलं होतं. "सोन्यासारख्या जावयाला!" ती पुटपुटत राहिली. शरदरावांनी कागदाच्या चार घड्या घालून तो खिशात टाकला आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच चटईवर ऐसपैस बसले.

"काकू, चहा टाका," ते पांडूच्या आईला म्हणाले. "साखर कमी. मला तुमचा चहा फार गोड लागतो. लग्नापासून बावीस वर्षं सांगायचं राहून गेलं."